एकाच खेळाचं मशीन घेऊन नागपूरला

वसूताई, गुडघा आता जिना चढू देतो का? पनवेलचे अण्णा, साखर आटोक्यात आहे ना, की अजून चहात दोन चमचे चालूच? बिलासपूरच्या मीनाताईंच्या डोळ्याची पट्टी एव्हाना निघाली असेल. आणि ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत असे बाकीचे वाचणारे, तुम्हीही सगळे धडधाकट असा. आम्ही दोघं ठणठणीत. घरात दुखणं आलं ते एकालाच, ओसरीवरच्या मशीनला.

नव्यांसाठी सांगतो. पूर्वी आमच्या शहरात, ओमती मोहल्ल्यात, व्हिडिओ गेमचं एक पार्लर होतं. फॅक्टरीची पाळी सुटली की मी तिथे मशीनं दुरुस्त करायला जायचो. शिकवलं कोणी नाही, झटके खाऊन शिकलो. पार्लर बंद झालं तेव्हा मालकाने एक मशीन मला देऊन टाकलं. कपाटाएवढा लाकडी डबा, एक काठी, दोन बटणं आणि एकच खेळ, विमानांचा. जुना जाड रुपया टाकल्याशिवाय ते जागचं हलत नाही, म्हणून तसले रुपये मी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवलेत. रविवारी ओसरीवर अर्धी कॉलनी जमते. बदलून आलेले बँकवाले साहेब असतात, भाजीवाल्या दीदी टोपली खाली ठेवून दोन हात खेळून जातात.

यंदा त्याचं चित्र आधी हिरवं पडलं, मग गेलंच. पिक्चर ट्यूब संपली.

माझा भाचा मंगेश शेजारच्या पनागरला असलीच मशीनं करतो. म्हणजे जुन्या डब्याचं पोट साफ करायचं, आत छोटा कॉम्प्युटर आणि चपटा स्क्रीन बसवायचा, की एका डब्यात तीन हजार खेळ! हॉटेलवाले हौसेने घेतात. माझ्या डब्यावर त्याचा डोळा जुनाच.

"मामा, काहून जीव लावून राहिले एका खेळाला? तीन हजार घालून देतो ना!"

"उद्या तीन हजार बायका करून देतो म्हणशील."

आतून आमची ही ओरडली, "एकीला धड फिरायला नेलं नाही, म्हणे तीन हजार!"

तेवढ्यात कळलं की नागपूरच्या खानझोडे साहेबांकडे माझ्या मापाची ट्यूब आहे. हे गृहस्थ जुनी मशीनं जमवतात. मशीन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते सुटा भाग देत नाहीत. मंगेश म्हणाला, माझ्या गाडीतून नेतो, पण ट्यूब नाही मिळाली तर डबा माझा, परस्पर पनागरला. मी जबान दिली. हिने कपाळाला हात लावला.

पहाटे निघालो. कोणी असं मशीन नेणार असेल तर ऐका: ते उभंच बांधा आणि चारी बाजूंनी जुन्या गाद्या कोंबा. ट्यूबची मान फार नाजूक. माझी ट्यूब मेलेली होती, तरी गाद्या घातल्याच. मेलेल्यालाही नीटच नेतात.

तिलवाऱ्याच्या पुलावर मंगेशने गाडी हळू केली. "मामा, नर्मदामाईला एक रुपया टाका. काम होईल."

"सुटे नाहीत."

"डबा भरून तर बसले मांडीवर!"

"हे मशीनचे आहेत. असे आता निघत नाहीत. माईला तू यूपीआय कर."

नागपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता लोण्यासारखा. टोल मात्र जागोजागी, फास्टॅग भरून निघा. सिवनीला चहा-समोसा झाला, पण समोसा गार होता, थांबायचं तर दुसरीकडे थांबा. पेंचच्या जंगलात रस्ता उंचावरून जातो आणि खालून जनावरं. वाघ दिसला नाही, माकडं भरपूर. नागपुरात शिरताच तर्री-पोहे खाल्ले. कान लाल झाले, पण जीव शांत.

खानझोडे साहेबांचा हॉल पाहून मी जोडे बाहेरच काढले. ओळीने मशीनं उभी, प्रत्येकावर पांढरी चादर. साहेब मवाळ बोलणारे, मंगेशचा धंदाही विचारून घेतला. त्यांनी गाडीत चढून माझ्या मशीनचं मागचं दार उघडलं, टॉर्च मारला आणि म्हणाले, "काका, हे वाचलंत कधी?"

आत फळीवर पेन्सिलीने लिहिलं होतं: 'दरवाज़ा बायें, रामदीन मिस्त्री'. शंभरदा वाचलं असेल. मला वाटायचं, कधी दार दुरुस्त केलं असेल त्याने.

"ही सुताराची जोडणीची खूण. अख्खा डबाच तुमच्याकडच्या सुताराने केलाय. आतल्या बोर्डवरच्या चिपांची नावं खरवडलेली, म्हणजे तोही नकली. माझ्याकडची शेवटची ट्यूब आहे. ओरिजिनल मशीनलाच देईन. हे तुमच्या भाच्याला देऊन टाका, त्याच लायकीचं आहे."

मी मशीनचं दार लावून घेतलं. पण हॉलच्या दारातून दिसणाऱ्या चादरींकडे पाहून तोंडून निघालं, "साहेब, यांच्यावर शेवटचं कोण खेळलं?"

"खेळत नाही कोणी. काठ्या झिजतात."

"आमची दोनदा झिजली. मूठ तुटली तेव्हा घरच्या लाटण्याचं टोक कापून बसवलं, त्यावरून आठ दिवस अबोला होता. तुमची ओरिजिनल आहेत, कबूल. माझं चालतं होतं." नमस्कार केला आणि निघालो.

परतीची वाट धरली. पैज मंगेश जिंकला होता, तरी शिट्टी नाही की गाणं नाही. सिवनी सुटल्यावर एकदाच पुटपुटला, "लायकी काढतो!"

तिलवाऱ्याला ऊन कलत होतं. टपरीवर चहा सांगितला आणि मी एकटाच पुलाच्या कठड्याशी गेलो. बिस्किटाच्या डब्यातला एक जाड रुपया काढला. आता ठेवून काय करायचे होते? हात उचलला, तो मागून मंगेशने मनगट धरलं.

"मामा, नका टाकू."

"तूच म्हणत होतास ना सकाळी?"

"सकाळी म्हटलं होतं." मान खाली. "ट्यूब आहे माझ्याकडे. जुन्या टीव्हीची, तुमच्याच मापाची. आधीपासून होती. डबा पाहिजे होता म्हणून बोललो नाही."

मला त्याच्या कानाखाली वाजवायची होती. चहावाला म्हणाला, "भैया, चाय ठंडी हो रही है." मग आधी चहा प्यालो. शिव्या पनागरपर्यंत पुरल्या, आणि त्याने ऐकून घेतल्या.

दोन दिवस आम्ही दोघं ओसरीवर घाम गाळत होतो. ट्यूबच्या मानेवरची तारेची गुंडाळी जुळवली, चित्राचे रंग जागेवर आणले. चित्र आलं, उजवी कड जराशी वाकडी आहे. म्हणजे डबा रामदीनचा, बोर्ड नकली, मूठ लाटण्याची आणि आता ट्यूबही कुणाच्या तरी टीव्हीची. होऊ दे. मंगेश अजून म्हणतो, तीन हजार घाला. मी अजून नाहीच म्हणतो. आतल्या फळीवर मिस्त्रीच्या ओळीखाली मात्र त्याने पेन्सिलीने लिहिलंय: 'ट्यूब, मंगेश'. ते मी पुसलं नाही.

खानझोडे साहेबांना कळवलंय की रविवारी या, चादर आणू नका. उत्तर नाही आलं.

तुम्ही तरी द्या. कुणाच्या देवघरात, जुन्या पर्समध्ये जाड रुपये पडले असतील तर बघा, खेळणारे एखाद-दुसरा खिशात घालून नेतात, माझा डबा आटत चाललाय आणि भाजीवाल्या दीदी हार मानायला तयार नाहीत. असले तर लिहा, नसले तरी लिहा, पण लवकर.