तिथं नेट नाही गं

उन्हाळ्यातल्या एका दुपारी आमच्या भागातला केबलवाला ओट्यावर येऊन उभा राहिला. म्हणाला, "ताई, ताडकळसात फायबर आलंय. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत लाइन आली. करून टाकू का कनेक्शन?" मी म्हणाले, "सांगते." पुढं पावसाळा लागेपर्यंत तो येता-जाता विचारत राहिला आणि मी सांगते म्हणत राहिले. त्याला वाटत असेल, बाई एवढी शिकलेली, दिवसभर लॅपटॉपपुढं बसते, हिला एवढं कळत कसं नाही! मला सगळं कळत होतं, म्हणूनच हो म्हणवत नव्हतं.

मी गावी आले होते ती थोड्या दिवसांसाठी. आई न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, परभणीला ऑपरेशन झालं. वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. दादा पुण्यात, वहिनीची नोकरी, मुलांच्या शाळा. मीही पुण्यातच, पण लग्न न झालेली, दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहणारी. त्यामुळं कुणी जायचं हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. मी एक बॅग भरून आले. माझं काम विम्याचे दावे तपासायचं. कंपनी म्हणाली, काही दिवस घरून करा.

आई वॉकर धरून थोडं चालायला लागली आणि तिथंच अडकली. एकटीनं उठणं, न्हाणीपर्यंत जाणं तिला जमेना. मधे एकदा दादानं तिला पुण्याला नेऊन बघितलं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खुर्चीत बसवून वर चढवलं तेव्हा ती डोळे गच्च मिटून बसली होती. नंतर रोज एकच बोलणं, "मला माझ्या घरी न्या." शेवटी मीच तिला घेऊन परत आले. आईचं चुकत नव्हतं, दादाचंही चुकत नव्हतं. पण त्या न चुकण्यात मी हिवाळ्यापासून ताडकळसात होते.

आमचं जुनं ब्रॉडबँड वडिलांनी घेतलेल्या टेलिफोनच्या तारेवर चालायचं. वडील शाळामास्तर, गावात फोन घेणाऱ्या पहिल्या काही घरांत आमचं घर होतं. आता ती तार इतकी म्हातारी झाली होती की जरा वारा सुटला तरी नेट जायचं. मीटिंगमध्ये माझा चेहरा उघड्या तोंडासकट थिजायचा आणि पलीकडून सगळे "हॅलो, हॅलो" करायचे. मग मी मोबाइल घेऊन गच्चीवर पळायचे, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचे. तिथं जेमतेम रेंज यायची. एका कानात पुण्याची माणसं, दुसऱ्या कानात खालून आईची हाक. "कुठं गेलीस? पाणी दे की!"

एक दिवस आमच्या टीमच्या मॅनेजरबाई म्हणाल्या, "असं फार दिवस नाही चालायचं. एकतर नेट नीट करून घ्या, नाहीतर ऑफिसला या."

फोन ठेवला आणि मला इतका आनंद झाला की मीच दचकले. ऑफिसला या! मला जावंच लागणार होतं. मी जाते असं मला म्हणावं लागणार नव्हतं, कंपनीच म्हणत होती. मी लगेच दादाला फोन लावला.

"अगं मग फायबर घे ना," दादा म्हणाला. "आता तिकडंही आलंय म्हणतात. खर्चाचं मी बघतो."

मागून वहिनीचा आवाज आला, "मग तर प्रश्नच मिटला."

आठवडाभर हेच चाललं. मावशीचा फोन आला, ती म्हणाली फायबर घे. कॉलेजची मैत्रीण म्हणाली, नशीबवान आहेस, घरचं जेवण खाऊन पुण्याचा पगार. पुण्याच्या खोलीवरच्या मैत्रिणीनं मात्र वेगळंच कळवलं. मालकीणबाई थांबायला तयार नव्हत्या, माझ्या कॉटवर नवीन मुलगी आली होती. "तुझं पांघरूण आणि पुस्तकं मी माझ्या कपाटात ठेवलीत," असं तिनं लिहिलं होतं. मी तिला आभार मानल्याचा मेसेज पाठवला आणि पोळ्या करायला गेले.

शेवटी मी केबलवाल्याला बोलावलं. त्यानं गल्ली बघितली आणि डोकं खाजवलं. तार आणायची तर शेजारच्या काकांच्या नव्या भिंतीला खिळे ठोकावे लागणार होते. काका रेल्वेत होते, पूर्ण्याला नोकरी करून रिटायर झालेले. भिंतीचा रंग अजून ताजा होता. ते बाहेर येऊन म्हणाले, "न्हाई जमायचं. आत्ताच रंग दिलाय."

केबलवाला माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी बोलून बघा की ताई."

"राहू द्या," मी म्हणाले. "त्यांचं घर आहे."

त्या संध्याकाळी मी भरलं वांगं केलं. आई कॉटवरून म्हणाली, "आज लय खुशीत हायस." मी म्हटलं, काही नाही, वांगी चांगली मिळाली बाजारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः आले. आईच्या खोलीत खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "वहिनी, रात्री मला झोप लागली न्हाई. गुरुजींनी माझ्या दोन्ही पोरांना घरी बसवून गणित शिकवलं, आन् मी भिंतीचं घेऊन बसलो. पोरीला म्हणावं, कुठंबी खिळे ठोक."

आईनं हात जोडले. तिचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "आता हिला जायची गरजच न्हाई. इथंच काम, इथंच घर."

मी चहा ठेवते म्हणून उठले आणि गच्चीवर गेले. खाली चहाचं आधण ठेवलंच नव्हतं. गच्चीवरून पूर्ण्याचा रस्ता दिसतो. मोटारसायकली जात होत्या, एक एसटी गेली. मला पळून जायचं नव्हतं. आईला सोडून मी कुठं जाणार होते? पण कुणीतरी येऊन दाराला बाहेरून कडी लावावी आणि तीही माझ्या भल्यासाठी, तसं काहीतरी झाल्यासारखं वाटत होतं. काका अजून खाली बसले होते, म्हणून मी डोळे पुसून चहा करायला गेले.

त्या आठवड्यात केबलवाल्याला मी पुन्हा "सांगते" म्हणाले. रविवारी दादाचा नेहमीचा फोन आला. आईची चौकशी झाली, औषधांची झाली. मग त्याला माझा आवाज कसातरी लागला असावा. तो म्हणाला, "तुझ्यावर सगळं पडतंय गं, मला कळतं. मी येऊन राहिलो असतो. माझंही काम आता घरूनच आहे बघ. पण तिथं नेट नाही गं."

हे वाक्य तो हिवाळ्यापासून म्हणत होता. मी प्रत्येक वेळी "हो ना रे" म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे. त्या दिवशीही तोंडातून "हो ना रे" निघून गेलं. फोन ठेवल्यावर मात्र त्याचं ते वाक्य मी एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं. मग केबलवाल्याला फोन केला. "उद्या या."

तो आला, काकांच्या भिंतीवर एका सरळ रेषेत तार बसवली. काका खाली उभे राहून प्रत्येक खिळ्याला सूचना देत होते. राउटर आईच्या खोलीत लागला. केबलवाला म्हणाला, "कुणाला तरी व्हिडिओ लावून बघा ताई, म्हंजे मला जाता येईल."

मी दादाला लावला. त्याचा चेहरा असा स्वच्छ आला की कानाजवळचे पांढरे केस दिसले. ते मी आधी बघितले नव्हते. "वा!" तो म्हणाला. "आता काही फिकीर नाही." केबलवाला मान हलवून निघून गेला.

"दादा," मी म्हणाले, "आता नेट आलंय. आता तू येऊन राहा. दसऱ्यानंतर ये. थोडे दिवस तू, थोडे दिवस मी."

तो काहीच बोलला नाही. पूर्वी असं झालं की मी समजायचे, लाइन गेली. राउटर बंद करून पुन्हा चालू करायचे. पण आता त्याच्या पापण्या हलत होत्या. मागं वहिनी ओट्याशी काहीतरी चिरत होती, तिचा हात थांबलेला दिसला.

"बघतो," दादा म्हणाला. "कळवतो तुला."

फोन बंद झाल्यावर आई भडकली. "त्याला कशाला परेशान करायलीस? लेकरंबाळं हायत त्याला."

"आणि मला?"

"तुला काय हाय?"

ती वाईट हेतूनं बोलली नव्हती. तिनं खरंच विचारलं होतं, आणि तेच मला लागलं. मी तिच्या पायथ्याशी बसले. मला मोठं काहीतरी सांगावंसं वाटत होतं, पण सुचलं ते एवढंच. "तिथं माझी एक कॉट होती आई. खिडकीजवळची. ती दुसरीला दिली."

आई म्हणाली, "खिडकीतून काय दिसायचं?"

इतक्या वर्षांत तिनं माझ्या पुण्यातल्या खोलीबद्दल काही विचारलं नव्हतं. मी सांगितलं. समोर एक शाळा होती, सकाळी प्रार्थना ऐकू यायची. खाली एक बाई पोहे विकायची. तिघींत एकच आरसा होता. आई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आरसा तरी दुसरा घ्यायचा की गं." दादाला बोलावण्याबद्दल ती हो म्हणाली नाही, पण नंतर कधी नकोही म्हणाली नाही.

दादा दसऱ्याला नाही, दिवाळीनंतर आला. ठरलं होतं त्यापेक्षा कमी राहिला. मी पुण्याला ऑफिसात जाऊन बसले, मैत्रिणीच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपले, आणि मला तिथली सगळी गर्दी, गोंगाट, अगदी लिफ्टपुढची रांगसुद्धा आवडली. परत आले तेव्हा तो पूर्ण्याच्या स्टेशनवर मला घ्यायला आला होता. ताडकळसपर्यंत सारखा बोलत होता. आई काय खाते, काय टाकते, मीटिंग चालू असतानाच तिला कसं पाणी हवं असतं. एवढं आईबद्दल तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघाला, घाईघाईनं, अंघोळीचा टॉवेल विसरून.

आताही बहुतेक दिवस मीच इथं असते. नेट उत्तम चालतं, कामात खंड पडत नाही, आणि काही दुपारी त्यामुळंच जीव गुदमरतो. संक्रांतीनंतर ये, असं दादाला सांगितलं आहे. तो अजून बघतोच म्हणतो आहे. मी माझं पुण्याचं तिकीट काढून ठेवलं आहे आणि त्याला तसं कळवलंही आहे.