आत्याच्या नावावरची पट्टी

काजळ हे काही तिचं खरं नाव नाही. ते ऑफिसात पडलं. उजव्या हाताची बोटं कायम काळी, साबणाने घासा नाहीतर राखेने घासा, जात म्हणून नाही. कोणीतरी एकदा म्हणालं, आली बघा काजळ, आणि तेच चिकटलं. आता पगारपत्रकावरच्या खऱ्या नावाने हाक मारली तर तिला स्वतःलाच पटकन कळत नाही की कोणाला बोलावतायत.

तिचं काम सांगायला सोपं आहे, करायला वाईट. सरकारी बालगृहात वाढलेली पोरं मोठी झाली की कधीतरी अर्ज करतात, माझी फाइल मला द्या. द्यावीच लागते, तसा नियम आहे. पण फाइलमध्ये दुसऱ्यांचीही नावं असतात. आई, बाप, शेजारी, शेजारच्या पलंगावरचं पोरगं. दुसऱ्याचं नाव असं उचलून कोणाच्या हातात देता येत नाही. मग काजळ झेरॉक्स काढते, पेन्सिलीने खुणा करते, साहेब खुणा बघतात आणि ती जाड मार्करने नावं काळी करते. त्या काळ्या कागदाची परत झेरॉक्स, कारण पहिला कागद खिडकीला धरला की पट्टीखालचं नाव दिसतं. लोक धरतात. का नाही धरणार?

दोन गोष्टींवर मार्कर चालत नाही. एक म्हणजे सरकारी नोकराचं नाव, कारण तो तिथे पगार घेऊन काम करत होता. दुसरं म्हणजे नातं. 'बहीण' असं लिहिलेलं असेल तर बहीण राहते, तिचं नाव जातं. तुला बहीण आहे ही माहिती तुझी, बहिणीचं नाव ही माहिती तिची. हे ज्याने ठरवलं त्याने बहिणीशिवाय दिवस काढले नसणार, पण ते असो.

तिची खोली तळघरात. वर छताला टेकून एक लांबट खिडकी, तिच्यातून रस्त्यावरचे नुसते पाय दिसतात. दिवसभर ती लोकांची घरं वाचते, कोणाची आई कधी आली, कोणाचा बाप येतो म्हणून आलाच नाही, आणि संध्याकाळी स्वतःच्या घरी जाऊन कुलूप उघडते. आई होती तोवर आत दिवा लागलेला असायचा. आता दिवाही तीच लावते, जेवणही एकटीचं करते, आणि एकटीचं जेवण कधी नीट जमत नाही, एकतर उरतं नाहीतर कमी पडतं. भाऊ लांब असतो. फोन करतो, करत नाही असं नाही. बाकी काय, म्हणतो. बाकी काही नाही, ती म्हणते. मग दोघंही एकमेकांचा श्वास ऐकतात आणि फोन ठेवतात.

रंगाऱ्याची फाइल आली ती अशीच, इतर फायलींसारखी. माणूस घरांना रंग द्यायचं काम करायचा. अर्जात 'कशासाठी हवी' या रकान्यात लिहिलं होतं, मला मुलगी झाली आहे. बस, एवढंच. साहेब हसले. काजळला हसू आलं नाही.

फाइल बारीक होती. तान्हा असताना सापडला, आईबापांचा पत्ता नाही. आजारपणं, शाळेचे शेरे, एका लाँड्रीवाल्या बाईने वॉर्डनला दिलेली चिठ्ठी की या मुलाची चादर रोज ओली निघते, त्याला रागावू नये, मी गुपचूप बदलत जाईन. खाली बाईची सही. नोकर माणूस, म्हणून नाव राहिलं. मग भेटीच्या दिवसांची पानं. त्यांवर प्रत्येक वेळी एकच भेटायला आलेलं माणूस, नात्याच्या रकान्यात 'आत्या'. काजळने नाव काळं केलं, आत्या ठेवली. एका पानावर नाव राहिलं, दुसऱ्या पानावर तेच नाव गेलं, आणि दोन्ही तिच्याच हाताने. तिला कळलं नाही. वर्षानुवर्षं हे काम करणारा माणूस नाव वाचतच नाही, नुसतं नाव आहे एवढं बघतो आणि हात चालवतो.

रंगारी कागद घेऊन गेला आणि आठवडा व्हायच्या आत परत खोलीतल्या अर्ज घ्यायच्या खिडकीपाशी उभा. उंच, वाकलेला, पापण्यांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके. म्हणाला, ताई, मी भिंतींना इतका रंग देत नाही जितका तुम्ही माझ्या कागदांना दिलाय. काजळला हसावं लागलं. त्या खिडकीशी लोक रडतात, शिव्या देतात, विनोद कोणी करत नाही.

मग त्याने पान पुढे केलं. बोट 'आत्या'वर. त्याला आठवत होतं, भेटीच्या दिवशी कोणीतरी बाई यायची, बाकावर शेजारी बसायची, त्याची नखं कापायची. मोठेपणी त्याला वाटायला लागलं होतं की हे आपण मनानेच रचलं असणार. तिथल्या सगळ्याच पोरांनी असलं काहीबाही रचलेलं असतं. आणि इथे सरकारी कागदावर छापल्यासारखं, आत्या. म्हणजे बाप होता, बापाला बहीण होती, ती येत होती. बायकोला तर त्याने त्याच रात्री उठवून सांगितलं होतं. आता त्याला फक्त नाव हवं होतं. पैसा नको, जमीन नको, मुलीला एकदा नेऊन दाखवायची की ही बघ, तुझ्या बाबांची आत्या.

काजळने नवा अर्ज लिहून घेतला. तो गेल्यावर मूळ फाइल काढली, नाव बघायला. खरंच फक्त बघायला. आणि ते बघितलं, मग चिठ्ठीवरची सही बघितली. एकच नाव.

लाँड्रीवाली. भेटीच्या दिवशी फक्त नातेवाइकांना आत सोडायचे, म्हणून बाईने ठोकून दिलं होतं, आत्या. दारावरच्या माणसाला ती रोज दिसायची, त्याने मान वळवली असणार. सुट्टीच्या दिवशी, बरे कपडे घालून, ज्या गेटातून रोज कामाला यायची त्याच गेटातून पाहुणी म्हणून.

आणि काजळने नियमाने आत्या ठेवून त्या माणसाला एक अख्खं खानदान देऊन टाकलं होतं.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. सुट्टीच्या दिवशी आली म्हणजे नोकर म्हणून आली नाही, खासगी व्यक्ती. नाव देता येत नाही, नकार पाठवून टाका. काजळ म्हणाली, नियमात असंही आहे की त्या व्यक्तीला विचारता येतं. साहेब म्हणाले, येतं म्हणजे विचारलंच पाहिजे असं नाही. तुम्हाला काय पडलंय एवढं? तिला काय पडलंय ते तिलाही सांगता आलं नसतं. पण ती तिथेच उभी राहिली, टेबलासमोर, ढिम्म, साहेबांचा चहा गार होईपर्यंत, आणि शेवटी त्यांनी वैतागून सही केली. पत्र गेलं.

उत्तर पोस्टाने आलं नाही. बाईच आली.

म्हातारी झाली होती, पण ताठ. हातांची कातडी सोड्याने खाल्लेली, पांढरट, चुरगळलेली. आल्या आल्या तिने पहिलं विचारलं की माझी पेन्शन जाणार का. सरकारी वहीत खोटं लिहिलं होतं ना. काजळने सांगितलं, नाही आजी, पेन्शनचा काही संबंध नाही, बसा. मग म्हातारी खिडकीलगतच्या बाकावर बसली आणि तिने ऐकून घेतलं. रंग देतो, बरा आहे, मुलगी झाली आहे. म्हातारी पदराने खिडकीचा कठडा पुसत राहिली, तिथे काही सांडलेलं नसताना.

"त्याला आत्या वाटते ना, मग असू दे आत्या," ती म्हणाली. "धुणंवाली होती म्हटलं की काय उरलं त्याच्याजवळ? नाही सांगायचं."

आणि संमतीच्या कागदावर 'नाही'पुढे सही करून गेली. काजळला वाटलं, बरोबर आहे. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखंच वाटलं. काळी पट्टी कधी कधी पांघरुणासारखी असते, असू दे तशीच. तिने नकाराचं पत्र टाइप केलं. त्यातली वाक्यं ठरलेली असतात, साहेबांच्या आधीच्या साहेबांनी लिहिलेली, कोणी बदलत नाही.

रंगारी आला तो त्या पत्रासह. या वेळी विनोद नाही. पत्र खिडकीतून आत सरकवलं आणि म्हणाला, हे वाचा.

काजळला वाचायची गरज नव्हती, तिनेच टाइप केलं होतं. तरी वाचलं. संबंधित व्यक्तीशी संपर्क साधण्यात आला असून तिने आपली ओळख अर्जदारास कळवण्यास संमती दिलेली नाही.

"म्हणजे आहे," तो म्हणाला. "जिवंत आहे. तुम्ही तिला सांगितलंत मी विचारतोय म्हणून. आणि ती नको म्हणाली."

काजळने पत्र परत त्याच्याकडे सरकवलं.

"मुलगी झाली, ते सांगितलं होतं?"

तिने मान हलवली. हो.

तो पत्राच्या घड्या घालत राहिला, लहान, आणखी लहान, आता पुढे घडी पडेना एवढी, आणि तो चौकोन कठड्यावर ठेवून गेला. वरच्या खिडकीत थोड्या वेळाने त्याचे बूट दिसले. रंगाचे ठिपके होते म्हणून ओळखू आले. बराच वेळ तिथेच उभे होते. मग गेले.

त्या दिवशी काजळने एकही फाइल धड केली नाही. घरी जाऊन दिवा लावला नाही, अंधारात बसून राहिली. पांघरूण म्हणे. तिच्या पांघरुणाखाली माणूस गुदमरला होता. आधी त्याला कोणी नव्हतं, ते त्याने सोसलं होतं, सवयीचं होतं. आता त्याला सख्खं माणूस होतं आणि त्या माणसाला तो नको होता. हे तिने केलं होतं, ठरलेल्या वाक्यांत, शिक्क्यासकट.

सुट्टीच्या दिवशी ती म्हातारीकडे गेली. असं जायचं नसतं. फाइलमधला पत्ता घेऊन कोणाच्या दारात उभं राहिलं तर नोकरी जाऊ शकते, आणि तिच्याकडे नोकरीशिवाय दुसरं काय होतं? तरी गेली. एक खोली, एक खाट, दोरीवर एकच टॉवेल वाळत. काजळला आपल्याच घरी आल्यासारखं वाटलं.

तिने लाडीगोडी लावली नाही. पत्रातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं आणि सांगितलं, आजी, तुमच्या 'नाही'चा त्याने हा अर्थ घेतला. म्हातारीने दोनदा म्हणायला लावलं. मग म्हणाली, मी तर त्याच्यासाठीच नाही म्हटलं गं. काजळ म्हणाली, ठाऊक आहे. मीही त्याच्यासाठीच टाइप केलं.

म्हातारीने दोरीवरचा टॉवेल काढून घडी घातली, म्हणाली, मग सांगून टाकू त्याला. काजळ उठली तेव्हा म्हातारीने विचारलं, तू सोबत असशील का. काजळ म्हणाली, मी खिडकीच्या आत असेन, माझी जागा तिथेच आहे.

म्हातारीने संमतीचा कागद बदलला, साहेब कुरकुरले, पट्टी नसलेली नवी प्रत निघाली, रंगाऱ्याला बोलावणं गेलं. तो आला तेव्हा म्हातारी बाकावर आधीच बसलेली. काजळनेच सांगितलं, खिडकीतून, जमेल तेवढ्या सरळ शब्दांत. आत्या नव्हे. लाँड्रीत काम करायच्या. आत सोडावं म्हणून तसं लिहिलं.

त्याचा चेहरा आधी कोराच राहिला. मग तो म्हातारीकडे न बघता, काजळकडेच बघत म्हणाला,

"म्हणजे माझं कोणीच आलं नव्हतं."

काजळने नवी प्रत कठड्यावर ठेवली.

"मी आले होते की," म्हातारी म्हणाली.

तो वळला. तिचे हात बघितले. विचारलं, सुट्टीच्या दिवशी कशाला यायचात. रागात विचारलं, हिशेब मागितल्यासारखं.

"घरी कोण होतं माझ्या," म्हातारी म्हणाली. "आठवडाभर तुमच्या चादरी. सुट्टी आली की हात रिकामे. तुला कोणी यायचं नाही, मलाही कोणी यायचं नाही, मग म्हटलं जाऊ. नखं मात्र तू कापू द्यायचा नाहीस. चावायचास."

तो बसला. बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा सोडून. आपण बघत बसणं बरं नाही म्हणून काजळने खिडकी लोटून घेतली आणि पुढची फाइल उघडली. काचेपलीकडून आधी काहीच ऐकू आलं नाही. मग तो काहीतरी पुटपुटला, म्हातारीने परत विचारलं, आणि त्याने मोठ्याने मुलीचं नाव सांगितलं.

थोड्या वेळाने खिडकी उघडली तर बाक रिकामा. नवी प्रत कठड्यावर तशीच पडलेली. ज्या नावासाठी त्याने एवढं केलं ते त्यावर स्वच्छ होतं, आणि तो ते न नेताच गेला होता.

साहेबांनी जाता जाता विचारलं, त्या रंगाऱ्याचं निपटलं का. काजळने प्रत पाकिटात घातली, वर लिहिलं, अर्जदाराने प्रत नेली नाही. पाकीट कपाटात ठेवलं. छताशी असलेल्या खिडकीतून पाय चालले होते, सगळे घरी जाणारे. तिने भावाला फोन लावला. तो म्हणाला, काय गं, आज कसा काय फोन? काही झालं का?

काही नाही, ती म्हणाली. सुट्टीला येऊ का तुझ्याकडे?

पलीकडे तो गप्प झाला, आणि ती त्याचा श्वास ऐकत, मार्करचं टोपण लावत, वाट बघत बसली.