पिंपरीला गेले होते, इंदूला ‘पुढे काय’ शिकवायला

माझ्या भाचीने या ब्लॉगवर लिहिले की मी पिंपरीत इंग्रजीचा वर्ग काढला होता. ते खोटे आहे. १९५०च्या दशकात मी एका रविवारी तिथे गेले, एका मुलीला शिकवले आणि परत आले. चूक दुरुस्त करणे भाग आहे, म्हणून लिहिते.

इंदू माझी जुनी विद्यार्थिनी. औषधांच्या नव्या कारखान्यात तिला सोमवारी मुलाखतीला बोलावले होते. परदेशी साहेब इंग्रजीत प्रश्न विचारणार होता.

शिवाजीनगरहून सकाळची गाडी धरली. तिकिटाला काही आणे पडले. डोळ्यांत धूळ मात्र फुकट. पिंपरीला उतरल्यावर ज्वारीच्या शेतांतून पाऊण तास पायपीट. आज जाणाऱ्यांनी ती शेते शोधू नयेत.

इंदूचे वडील साताऱ्याकडून फिटर म्हणून आलेले, पत्र्याच्या एका खोलीत बिऱ्हाड. पाणी पिऊन मी लगेच सुरुवात केली. मुलाखतीत विचारतील तसे इंग्रजीत विचारले, “पुढे काय करायचा विचार आहे?”

“बाबा सांगतील ते,” इंदूनेही इंग्रजीतच उत्तर दिले, अगदी अचूक.

“पुढे काय करायचे ते तुझे तू सांग. बाबा बसणार आहेत का मुलाखतीला?” मी मराठीत विचारले.

“बसतील की, दाराशी,” चुलीपुढून तिची आई म्हणाली.

वडील विडी विझवत म्हणाले, “बाई, पोरीनं आपल्या तोंडानं असं ठरवून सांगायचं? लोक काय म्हनतील?”

“नोकरी लोक देणार नाहीत. आणि उद्या ती ‘बाबा सांगतील’ म्हणाली, तर साहेबही देणार नाही.”

ते उठून बाहेर गेले. आम्ही दुपारपर्यंत घोकले. आय ॲम गोइंग टू वर्क. आय ॲम गोइंग टू लर्न. पहिल्या दहा वेळा ती दाराकडे बघून बोलली, मग माझ्याकडे बघून. बाजरीची भाकरी, शेवग्याची आमटी झाली. मग मी म्हटले, आता तू विचार.

“बाई, व्हॉट आर यू गोइंग टू डू नेक्स्ट संडे?”

मी म्हटले, “आय ॲम गोइंग टू रेस्ट.”

“काय म्हनल्या?” आईने विचारले.

“विश्रांती घेणार.”

“एकट्याच?”

मी घड्याळ पाहिले. गाडीची वेळ झाली होती.

संध्याकाळी पुण्यात खोलीचे कुलूप काढले. स्टोव्ह पेटवला, एका माणसापुरता भात लावला.

गुरुवारी इंदूचे वडील दारात उभे. आत आले नाहीत. “घेतली तिला. साहेबानं इचारलं, तिनं सांगितलं. मी दाराशीच हुतो, समदं ऐकलं,” म्हणाले आणि चिठ्ठी देऊन गेले. चिठ्ठीत इंग्रजीत दोन वाक्ये होती: मी एक तारखेला रुजू होणार आहे. मी दर महिन्याला तुमच्याकडे येणार आहे.

ती आली नाही. कारखान्यातल्या पाळ्या असतील, पुढे संसार असेल. मीही पुन्हा गेले नाही. जाणार आहे, असे मी कोणाला म्हटलेच नव्हते.

आज भाचीच्या हाती दिले: इंदूची चिठ्ठी, नग एक. घडीवर झिजलेली, अक्षर वाचता येते. पोच घेतली.