चौथा प्लग

मंगळवार पेठेतल्या खैरुनबी मणेर तेहतीस वर्षं बायकांच्या हातांत बांगड्या भरत आल्या. समोरचा हात केवढाही रुंद असो, अंगठा आत दुमडायचा, बोटांची मुळं दाबायची आणि बाईला बोलण्यात गुंतवायचं. तिचं सासूचं गाऱ्हाणं निम्म्यावर यायच्या आत डझनभर बांगड्या मनगटावर गेलेल्या असत.

त्यांचे यजमान गैबीभाई एस.टी.त ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली आणि दोघं आठवडी बाजार करू लागले. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. म्हणजे खैरुनबी नऊ वर्षं इंजिनावर बसूनच फिरत होत्या. उन्हाळ्यात सीट तापली की खाली पोतं घालायच्या. गैबीभाईंचं इंजिनाचं ज्ञान त्यावर जेवणाचा डबा गरम करण्यापर्यंतचं होतं. हे त्यांना स्वतःला मान्य नव्हतं.

एप्रिलात गगनबावड्याचा बाजार करून येताना गाडी मिसिंग मारायला लागली. चढ आला की उचकी लागल्यासारखी अडखळायची. मेकॅनिकनं नुसतं ऐकून सांगितलं की प्लग गेलेत. तीन सोपे आहेत, पण चौथ्यापर्यंत हात पोचत नाही, वरचं बरंच खोलावं लागेल, सोमवारी आणा. तो शुक्रवार होता, आणि रविवारी गडमुडशिंगीत अक्काताई पाटलांच्या नातीचा, आदितीचा चुडा होता. भावकीतल्या धरून पन्नासेक बायका. आदितीच्या आईचा चुडाही खैरुनबींनीच भरलेला, त्यामुळं नाही म्हणायचा प्रश्न नव्हता.

खैरुनबींनी रिक्षाचं सुचवलं. रिक्षात एवढी काच टिकणार नाही, असं गैबीभाई म्हणाले. ते खरंही होतं. पण दारात गाडी असताना रिक्षा केली तर गल्ली कारण विचारणार, हे त्याहून खरं होतं. प्लग आपणच बदलू, असं त्यांनी जाहीर केलं.

शनिवारी सकाळी त्यांनी चार नवे प्लग आणले, ओळखीच्यांकडून पान्यांचा डबा आणला आणि सीट उचलली. अकरापर्यंत तीन प्लग झाले. निघालेला प्रत्येक जुना प्लग ते वर धरून गल्लीला दाखवत होते. चौथा पार मागं, पत्र्याच्या आडोशाला होता. सबंध पाना तिथं शिरत नव्हता. आधी सॉकेट, म्हणजे पान्याचं नळीसारखं तोंड, आत सोडायचं आणि मग जागेवरच त्याला दांडा जोडायचा, असं त्यांनी मोबाइलवरच्या व्हिडिओत बघितलं होतं. व्हिडिओतला माणूस किरकोळ अंगाचा होता. गैबीभाईंचा हात आत गेला आणि तिथंच राहिला.

पाव तास गेला. गल्लीतून कुणी तेल सुचवलं, कुणी पत्रा कापायला सांगितलं. खैरुनबी ओला साबण घेऊन आल्या, मनगटाला लावला आणि आपल्या हातानं त्यांचा अंगठा आत दुमडला.

"सांगलीच्या वन्संचा फोन आलता का?" त्यांनी विचारलं.

गैबीभाई बहिणीच्या गुडघ्याचं सांगायला लागले, आणि हात बाहेर आला.

खैरुनबींनी फडक्यानं साबण पुसून घेतला आणि त्या फटीकडं बघत राहिल्या. "माझा जातोय का बघू," त्या म्हणाल्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काय हाय? भोकच हाय की."

त्यांचा हात गेला. आतलं दिसत काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी डोळे मिटले. सॉकेट बसलं, दांडा जुळला, बाहेरून गैबीभाईंनी पाना फिरवला आणि जुना प्लग सुटला. नव्याच्या शेंडीवर रबरी नळीचा तुकडा चढवून खैरुनबींनी तो हळूच आत सोडला आणि बोटांनी फिरवला. अर्ध्या फेऱ्यातच तो घट्ट झाला.

"आता पान्यानं दाब," गैबीभाई म्हणाले.

"न्हाय. तिरका बसलाय. जोर केला की वाया जातंय."

"लोखंड हाय ते. बांगडी न्हवं."

खैरुनबींनी प्लग उलटा फिरवला. एका जागी तो किंचित खाली टेकल्याचं बोटांना कळलं. बोटांची मुळं ओलांडून बांगडी मनगटावर उतरताना जाणवतं, तसंच. त्यांना एकदम बरं वाटलं. तिथून त्यांनी तो सुलटा फिरवत नेला, दोन बोटांनी, शेवटपर्यंत. मग गैबीभाईंनी बाहेरून पान्यानं बेतानं आवळलं, खैरुनबींनी आत वायर जोडली आणि गैबीभाईंनी गाडी चालू केली. ती एकसारखी चालली. गल्ली जराशी नाराज होऊन पांगली.

रविवारी गडमुडशिंगीत अक्काताईंनी खैरुनबींच्या मनगटावरचे ओरखडे आणि नखांतलं काळं बघितलं. हे काय, म्हणून विचारलं.

"गाडीचं प्लग बदललं."

"कुणी?"

"तीन मी बदलले," गैबीभाई दारातून म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "अवघड हुता तो हिनं बसवला."

बायका हसल्या. खैरुनबींनी मान वर केली नाही, पण पुढच्या दोन हातांना त्या काहीच बोलल्या नाहीत. चुडे भरून व्हायला तीन वाजले. परतताना त्यांनी विचारलं, हा प्लग असतो तो नेमकं करतो काय. गैबीभाईंनी शहर येईपर्यंत समजावून सांगितलं. त्यातलं काही बरोबरही असावं.