अंबुबाईची बाटली

गोदावरीबाई डॉक्टर स्पिरिटच्या दिव्यावर काचेची नळी तापवत होत्या आणि समोर बाकावर अंबुबाई अंग चोरून बसली होती. तिला तिसरा महिना होता. आदल्या दिवशी बाईंनी बाटली देऊन सकाळची पहिली लघवी आणायला सांगितली, तेव्हापासून तिला काही उमगत नव्हतं. पोर पोटात, आणि बाईंना पाहायचं होतं भलतंच. तरी ती आली होती. पहिल्या खेपेला दिवस भरत आले आणि तिचं अंग सुजलं, झटके आले, मूल गेलं. या खेपेला काय होणार, एवढंच तिला ऐकायचं होतं.

नळीतली लघवी उकळली. बाईंनी आंबट औषधाचे थेंब टाकले, तसे आत पांढरे कण गोळा झाले.

"इतक्यातच?" बाईंचा चेहरा उतरला. "सूज आणि झटके आणणारा दोष दिसतोय. मेंढरांमागं चालणं आता बंद. इथंच दवाखान्यात राहायचं."

"पर मला काय बी होत न्हाय की, बाई. पाय बी सुजलं न्हाईत."

"तेच मला कळत नाही." बाईंनी बाटली नाकाशी नेली. "हिच्यात काय ठेवलं होतं?"

दाराशी काठीला टेकून उभी असलेली सासू मायाक्का म्हणाली, "मेंढीचं दूध व्हतं रातभर. दोन जिवाची बाई घरात, तितं रिकामं भांडं ठिवायचं व्हय? पहाटं वतून दिलं की."

"मग धुतली का नाही?"

"दूध का घाण हाय?"

"अहो, मी सून तपासतेय की मेंढी?"

"मेंढी बरी हाय माजी."

बाईंनी स्वच्छ धुतलेलं भांडं अंबुबाईच्या हातात दिलं आणि तिला आत पाठवलं. पुन्हा नळी उकळली, पुन्हा थेंब पडले. या वेळी पाणी नितळ राहिलं.

अंबुबाईला हायसं वाटायला हवं होतं, पण तिचा गोंधळ वाढलाच. "म्हंजी पोर जगंल न्हवं?"

"ते यात दिसत नाही," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आज दोष नाही, एवढंच दिसतं. पुढं दोष आलाच तर वेळेत कळावा, म्हणून दर महिन्याला यायचं."

बाहेर नवरा, येडू, ताटकळला होता. "काय म्हनल्या?"

"आज काय न्हाय म्हनल्या."

"मग चल की. मेंढरं करमाळ्याकडं न्यायची हायती."

अंबुबाई जागची हलली नाही. बरं असेल तर परत कशाला यायचं, आणि परत यायचं तर बरं कसं, हे तिचं तिलाच जुळवता येत नव्हतं.

"तुमी व्हा फुडं. म्या हितंच ऱ्हाते, भवानी पेठंत, मावशीकडं. दर म्हयन्याला याया सांगितलंय."

"पानी नितळ निगालं तरी?" मायाक्काने विचारलं.

"व्हय आत्ती. तरी."

"कशापायी?"

"ते मला बी नीट कळलं न्हाय," अंबुबाई म्हणाली, आणि मावशीच्या घराकडे चालू लागली.