पिवळं धुवण

देवमनइतका काळजीखोर माणूस मी दुसरा पाहिला नाही. कुलूप लावलं की तीनदा ओढून पाहायचा, आणि घरी पोचल्यावर सायकल वळवून पुन्हा एकदा ओढायला यायचा. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात तो प्रयोगशाळेतला मदतनीस, मी डेमॉन्स्ट्रेटर. त्याची नोकरी कच्ची होती. अडुसष्ट सालच्या दिवाळीनंतर ती पक्की व्हायची, आणि शिफारस भगवंतराव सरांच्या हातात. त्याची आई पंचफुला, जिने निंदणखुरपण करून त्याला मॅट्रिक केलं, ती रोज संध्याकाळी विचारायची, "कागद आला का रे?"

सर तिवशाकडचे. कपाशीच्या फुलांतला पिवळा रंग शुद्ध करून किती निघतो, ते मोजण्याचं त्यांचं काम चालू होतं. काचेच्या उभ्या नळीत राळेचे बारीक पांढरे दाणे भरलेले असत. फुलांचा काढा वरून ओतला की रंग दाण्यांना धरून राहतो आणि साखर, मळ खाली गळून जातो. मग शुद्ध, डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं. शेवटी स्पिरिट ओतलं की रंग सुटून येतो. हंगामाची फुलं संपली होती आणि काढा उरला होता तेवढाच.

त्या दिवशी सर अमरावतीला गेले होते. देवमनने काढा ओतला आणि धुवायला पाणी घ्यायला वळला, तर दोन्ही बरण्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन गळून पडलेल्या. एकीत डिस्टिल्ड, दुसरीत भांडी धुवायचं विहिरीचं पाणी. या गड्याने काय करावं? दोन्ही चाखून पाहिली. तो पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातला, जिथे विहिरींना पाणीच खारट. त्याच्या गावचा चहा पाहुण्याच्या घशाखाली उतरत नाही. त्याला दोन्हींतलं पाणी गोडच लागलं, म्हणून त्याने जवळची बरणी उचलली.

अर्ध्या तासाने त्याने मला हाक मारली. नळीखालचे थेंब पिवळे पडत होते. मी बरणीतलं पाणी जिभेवर घेतलं आणि थुंकलो.

"अरे, हे विहिरीचं आहे!"

"मले तं गोडच लागलं, सायेब."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मीही घाबरलो, कारण सरांच्या मागे प्रयोगशाळा माझ्या भरवशावर होती. मी म्हणालो, "मोरीत ओत. फुलांतच रंग कमी होता असं सांगू. कोणाला कळतंय?"

धुवण मोरीत सोडायचं, हीच आमची पद्धत. याने मात्र ते सगळं पातेल्यात धरलं होतं. पाण्यासाठी कोसभर चाललेल्या गावातला माणूस, वापरलेलं पाणीसुद्धा त्याच्याने फेकवत नसे. त्याने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि स्टुलावर बसून राहिला. भाकरीचं फडकं सोडलंच नाही. दर पाच मिनिटांनी फाटकाकडे पाहायचा. मला त्याचा राग येत होता.

तीन वाजता सर आले. त्यांनी पिशवी खाली ठेवण्याआधीच तो उभा राहिला.

"सर, माह्या हातून चूक झाली. विहिरीच्या पाण्यानं धुतलं. रंग वाहून गेला."

सरांनी विचारलं, "फेकला?"

"नाही सर. धरून ठेवला."

सरांनी लिटमसचा कागद धुवणात बुडवला, तो निळा झाला. इथलं पाणी अल्कधर्मी, त्याने रंग सुटतो, आम्लाने तो पुन्हा दाण्यांना धरतो, असं म्हणत त्यांनी थेंब थेंब आम्ल टाकलं आणि धुवण पुन्हा नळीत ओतलं. आम्ही तिघं वाकून पाहत होतो. खाली स्वच्छ थेंब पडायला लागले तसा देवमन फरशीवरच बसला. डिस्टिल्डने धुऊन शेवटी स्पिरिट ओतलं. सगळा नाही, पण बराचसा रंग परत मिळाला.

सर म्हणाले, "सांगितलं नसतं तं मले समजलं नसतं."

"तुमी आकडा छापला असता सर. तो खोटा राहिला असता."

"उद्या तुया कागद धाडतो," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी देवमनलाच विचारलं, "गप्प राहा असं कोणी म्हटलं नाही काय तुले?"

मी रिकामं पातेलं विसळायला घेतलं.

"नाही सर," देवमन म्हणाला. "सायेब तं म्हणे, सर आले की पयले सांग."

सरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चांगलं केलं," ते म्हणाले. मी मान डोलावली.