सुट्टीवरून परतलेले विलासभाऊ

महाळुंगे पडवळहून निघालो, तेव्हा कळंबच्या स्टँडवर सोडायला अण्णा, म्हणजे माझे वडील, आले होते. गाडी येताना दिसली तेव्हा म्हणाले, "तिकडं ऊन लई असतं म्हनत्यात. पन तुला काय त्याचं? भर उन्हात कांदं काढल्यालं अंग हाय तुझं." मलाही तसंच वाटलं.

आखातातल्या एका रिफायनरीत टाक्या साफ करायचं काम होतं. रानात घाम वाऱ्यावर सुकतो. इथं डोक्यापासून पायापर्यंत रबरी सूट, तोंडावर मास्क. घाम आतच साचायचा, बुटात पचपच व्हायची आणि अंग तापतच जायचं. राजुरीचे विलासभाऊ तिथले जुने कामगार. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, डोकं जड झालं की न लाजता बाहेर यायचं, हे त्यांनीच मला शिकवलं. पुढं मी सुपरवायझर झालो, तर पेढे त्यांनी वाटले.

लेकीच्या लग्नाला ते दीड महिना गावी गेले. परतले ते माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन. सुट्टीवरून आलेल्याला पहिला आठवडा सुटात थोडा थोडाच वेळ ठेवायचा नियम होता, कारण सुट्टीत अंगाची उष्णतेची सवय मोडते. मी तसं म्हणालो, तर ते हसले. "आरं, मी काय नवा हाय का? मानसं कमी हायेत तुझ्याकडं." माणसं खरंच कमी होती. मी त्यांचं नाव पूर्ण पाळीला लिहिलं.

दुपारी ते टाकीच्या तोंडाशी आले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "आशे, मांडव झाला का गं बांधून?" आशा त्यांची लेक. आम्ही सूट कापून काढला, बर्फाचं पाणी ओतलं. हात लावला तर चटका बसत होता. दवाखान्यात पोचायच्या आधी, ॲम्ब्युलन्समध्येच ते गेले.

राजुरीला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "समदी म्हनत्यात नशीब. तुमी तिथं व्हता भाऊ, खरं काय ते सांगा."

मी सांगितलं. नाव मी लिहिलं होतं, हेही सांगितलं.

"त्यांनीच हट्ट केला आसंल," एवढंच बोलून त्या आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत.

आता सुट्टीवरून आलेल्याचं मी काहीएक ऐकत नाही. पोरं चिडतात, चिडू देत.

मीही दरवर्षी गावी येतो. पंधरा दिवसांत अंग निवतं, पंख्याखाली गाढ झोप लागते. आई म्हणते, "आता कसा मानसात आलास." तिला कसं सांगू? घरी अंग उन्हाला विसरतं, आणि तेच सुख मला आता निवांत भोगता येत नाही.